न मोजता कापलेली स्प्रिंग : अनगोळच्या एका मिस्त्रींना खुलं पत्र

मिस्त्री,



या पत्रात तुमचं नाव नाही, तुमच्या गॅरेजचंही नाही. हे वाचताना ज्याच्या हातातला पाना थांबेल, त्याला पत्र आपल्यालाच आहे हे कळेल. आणि असे तुम्ही एकटे नाही, म्हणून बंद पाकीट न पाठवता उघडं लिहितोय.

गेल्या गणपतीच्या आधी माझ्या पुतण्याची २०१४ ची स्विफ्ट तुम्ही खाली बसवलीत. पुढच्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा आणि मागच्यांचा एकेक वेढा गॅस कटरने उडवलात. तीन तासांत गाडी बाहेर काढलीत, साडेतीन हजार रुपये घेतलेत, बिल दिलं नाहीत. पोरानं विचारलं, ‘अलाइनमेंट करून घेऊ काय ओ?’ तुम्ही म्हणालात, ‘कशाला? सरळ जाते की गाडी. चालवा बिनधास्त.’ हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा. पत्र संपायच्या आत ते मी तुम्हाला परत करणार आहे.

जूनमध्ये घरची तीन माणसं त्याच गाडीतून कोल्हापूरला साखरपुड्याला निघाली. माझी वहिनी मागच्या सीटवर, मांडीवर साड्यांची पिशवी. संकेश्वर सोडलं आणि पाऊस लागला. तवंदी घाट उतरताना एका वळणावर रस्त्याला उंचवटा आला, पुढची चाकं थाडकन आदळली आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळली नाही, सरळच गेली. डिव्हायडरला घासत थांबली. त्या वेळी मागून ट्रक येत नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर ती तिघं आज घरात आहेत.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. अनगोळातल्या किती घरांची चूल उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांवर आणि मशीन शॉपवर पेटली, ते तुम्हाला सांगायला नको. तिथे शाफ्ट मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय पुढच्या मशीनवर जात नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर तुकडा नापास होतो, आणि नापास का झाला ते कार्डावर लिहावं लागतं. त्याच उद्यमबागेच्या हाकेच्या अंतरावर तुम्ही माणसं वाहून नेणाऱ्या गाडीचा पाया नजरेनं कापता. तुमच्याकडे कटर बघितला, जॅक बघितला, हातोडे बघितले. साधी टेपसुद्धा कुठे दिसली नाही.

म्हणून तुम्ही जे मोजलं नाहीत ते मी मोजलं.

गाडी दुसऱ्या ठिकाणी लिफ्टवर घेतली. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे डावीकडे आणि उजवीकडे अकरा मिलिमीटरनं वेगळं भरलं, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांचे काप सारखे नव्हते. अलाइनमेंटच्या मशीननं दाखवलं की पुढची दोन्ही चाकं अर्धा-अर्धा अंश बाहेर उघडलेली आहेत (हा टो) आणि वरच्या बाजूनं आत झुकलेली आहेत (हा कँबर), डावं जास्त, उजवं कमी. स्प्रिंगा कापल्या त्याच आठवड्यात टायर नवे घातले होते. ते सात हजार किलोमीटर चालले होते. बाहेरच्या कडेला नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक होती. आतल्या कडेला तार दिसत होती.

हे अंगणात उभं राहून कुणाला दिसलं नसतं. चाक आत झुकलं आणि बाहेर उघडलं की ते आतल्या बाजूनं टायर खातं, आणि आतली बाजू बघायला गाडीखाली वाकावं लागतं. पोरगा रोज सकाळी गाडी पुसत होता. त्याला दिसणारी कड नव्यासारखी होती.

‘सरळ जाते की गाडी’ या तुमच्या वाक्याकडे येतो. गाडी सरळ जात होती, हे खरं आहे. जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक डावीकडे आणि दुसरा तेवढ्याच जोरानं उजवीकडे ओढत असेल, तर गाडी सरळच जाते. मानेवर वळ बैलांच्या उठतात. दोन्ही चाकं सारखीच उघडली की ओढ एकमेकींना मारते, स्टेअरिंगला काही कळत नाही आणि सगळा हिशोब टायर भरतात. तो हिशोब शाळेतल्या त्रिकोणमितीनं मांडता येतो. चाक अर्धा अंश तिरकं असेल तर ते दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवं घासतं. इथून निपाणी साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे निपाणी येईपर्यंत पुढचं प्रत्येक चाक साडेसहाशे मीटर आडवं फरफटत गेलं. सात हजार किलोमीटरांत हा आकडा एकसष्ट किलोमीटर होतो. इथून संकेश्वरपर्यंतचं अंतर भरून वर उरेल, इतकं. त्या टायरांची तार दिसली यात नवल नाही.

आणि स्टेअरिंग पहिल्या दिवशी सरळ नव्हतंच. ते तुम्हाला दिसलं होतं. दोन्ही बाजूंचे टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारे दांडे, सारखे फिरवून चाकं जुळवायची सोडून तुम्ही स्टेअरिंगचा नट सोडवलात, ते दात्यांवरून उपसलंत आणि सरळ दिसेल असं परत ठोकलंत. मला हे कसं कळलं? उजवीकडे वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नव्हता, आणि स्टेअरिंग एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी फिरत होतं. स्टेअरिंगचा मध्य आणि चाकं वळवणाऱ्या रॅकचा मध्य तुम्ही वेगळे करून ठेवलेत. एअरबॅगच्या गाडीत हेच केलंत तर स्टेअरिंगखालची नाजूक वायरची गुंडाळी तुटू शकते आणि ऐन वेळी पिशवी उघडत नाही. हे काम न येणं ही एक गोष्ट. चूक दिसल्यावर ती झाकणं ही दुसरी, आणि माझा राग तिच्यावर आहे.

आता स्प्रिंग कापल्यावर काय काय हललं ते एकेक सांगतो. तुम्ही ऐकून घेतलं पाहिजे.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांवर ठरतो. वेढे कमी केले की ती त्या प्रमाणात कडक होते. पाचांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्के कडक. तुम्हाला वाटलं, कडक झाली म्हणजे गाडी टाइट झाली. पण कंपनीनं त्या गाडीचा शॉकअप जुन्या स्प्रिंगसाठी बनवला आहे. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. त्यात गाडी दोन इंच खाली आली म्हणजे चाकाला वर जायची जागा दोन इंचांनी कमी झाली. खड्डा लागला की शॉकअप थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो. आदळला त्या क्षणी स्प्रिंग नसल्यात जमा. तवंदीच्या वळणावर नेमकं हेच झालं. वळताना सगळा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर होता, उंचवट्यानं ते ठोकळ्यावर आदळलं, आतली कड गुळगुळीत झालेल्या टायरला पाणी बाजूला सारता आलं नाही आणि पकड सुटली.

दुसरं, ज्या जागी तुम्ही ज्योत लावलीत तिथलं स्प्रिंगचं पोलाद मेलं. स्प्रिंगला तिचा गुण मोजून दिलेल्या उष्णतेनं आणि मोजून थंड केल्यानं आलेला असतो. गॅसच्या ज्योतीनं तो गुण जातो, आणि शेजारचा भाग कुठे ठिसूळ होतो तर कुठे मऊ. शिवाय स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं. तुम्ही ते टोक कापून फेकलंत. तुटक्या कडेनं बैठकीचं रबर चिरून पत्र्यापर्यंत खाच पाडली होती. चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून फिरत होती. पोरगा म्हणायचा, ‘काका, ब्रेकर उतरताना टक् वाजतंय.’ तो आवाज हाच.

तिसरं, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आणि टाय रॉड. दोघं आपापल्या खिळीभोवती कमानीत फिरतात. कंपनीनं ठरवलेल्या उंचीच्या आसपास या दोन कमानी एकमेकींना जुळतील अशी त्यांची लांबी आणि जागा निवडलेली असते. गाडी खाली आली की त्या कमानींची जुळणी मोडते, चाक वरखाली होताना स्वतःहून वळू लागतं. ड्रायव्हरनं हात स्थिर धरलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्यावर चाक थोडं फिरत असतं. लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढला की गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदूसुद्धा खाली जातो, आणि गाडीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणून अशी गाडी बुटकी दिसते, पण वळणावर कलंडवणारा जोर वाढलेला असतो.

चौथं, बुश. लोअर आर्मचे रबरी बुश लोखंडाला चिकटवलेले असतात. उंची बदलली की त्यांचे बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या वजनानं चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे असतात. तुम्ही बोल्टला हातच लावला नाहीत. त्यामुळे रबर दिवसरात्र पिळलेल्या स्थितीत राहिलं आणि नऊ महिन्यांत फाटलं. फाटक्या बुशवर कुणी कितीही चांगली अलाइनमेंट केली तरी ती गॅरेजच्या दारापर्यंतच टिकते.

मागच्या चाकांचं तर काहीच करता येत नाही. स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे एकच आडवा बीम असतो. त्याला टो फिरवायचा स्क्रू नाही, कँबरचा बोल्ट नाही. पुढेही सरळपणे फिरवता येतो तो टो, कँबर जेमतेम बोल्टच्या खेळाएवढा. म्हणजे जे बिघडवायला तुम्हाला तीन तास लागले, त्यातलं बरंचसं नंतर कुठल्याही मशीनवर जुळवता येत नाही. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मागच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे धोका आणखी मोठा. मागची बाजू खाली बसली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे, तो मागे जास्त दाब सोडतो, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. ‘गिऱ्हाईक मागतं’ हे पहिलं. गिऱ्हाईक वीस वर्षांचं आहे, त्याला फेंडर आणि टायर यांच्यामधली फट वाईट दिसते. त्या वयात मलाही दिसली असती. त्याला कमान, कँबर, बुश माहीत नाही, म्हणूनच तो तुमच्याकडे येतो. औषधाच्या दुकानात पोरगं जाऊन मागेल ते विष कुणी देत नाही.

‘जगात सगळे करतात’ हे दुसरं. करतात, पण कसे ते बघा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीला टेकवल्या. कॅलिफोर्नियानं १९५८ पासून कायदा लागू केला की चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग जाता कामा नये. त्यावर तिथल्या एका कारागिरानं १९५९ मध्ये हायड्रॉलिक पंप बसवून हवी तेव्हा वर आणि हवी तेव्हा खाली होणारी गाडी बनवली. त्यानं डोकं चालवलं. तुम्ही ज्योत चालवलीत. जर्मनीत स्प्रिंगा बदलल्या तर त्यांचा मंजुरीचा कागद लागतो आणि तपासणी होते. जपानमध्ये गाडीच्या तळाला जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर उंची राखावी लागते. आपल्या कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टला तर स्प्रिंगच नसते, म्हणून तिची चाकं मिलिमीटरनं जुळवल्याशिवाय ती शर्यतीत टिकत नाही. सपाट ट्रॅकवरची पोरं मोजतात, आणि पावसाळ्यातल्या अनगोळच्या रस्त्यावर तुम्ही मोजत नाही.

या रस्त्याचंही सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, हळूहळू चढणारा असावा. आपल्या गल्ल्यांतले ब्रेकर कसे आहेत ते तुम्ही रोज बघता : हातभर रुंदीचे, उभे, ज्यानं त्यानं आपल्या दारापुढे घातलेले. आमच्या २०१४ च्या स्विफ्टच्या तळाची कंपनीची उंची १७० मिलिमीटर. दोन इंच काढले की १२० उरते. चार माणसं आणि पिशव्या बसल्या की त्याहून कमी. ऑइल चेंबर फुटला आणि इंजिन सुकं चालून गेलं, तर तो खर्चही गिऱ्हाइकाचाच.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नीट वाचा. त्या तरतुदीत मालक आहे, कटर धरणारा नाही. तुम्ही कापता, आणि कोर्टात उभा राहतो तो आमचा पोरगा. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही कापलेल्या स्प्रिंगकडे बोट दाखवतो. हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही बिल दिलं नाहीत. ठाऊक नव्हतं असं म्हणत असाल, तर ज्या धंद्याचा कायदा माहीत नाही तो धंदा चालवताय, आणि तेही तितकंच वाईट.

गाडीची उंची ज्या कामात बदलते, तिथे काम कसं होतं तेही लिहून ठेवतो. गाडीला जुळणारी तयार स्प्रिंग, तिच्या जोडीचा कमी लांबीचा शॉकअप, नवा रबरी ठोकळा. सगळे बुश-बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळायचे. टायरमधली हवा सारखी करायची, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये ढिलाई आहे का ते हलवून बघायचं. मग सपाट लिफ्टवर आधी मागची चाकं मोजायची, नंतर पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे-पुढे कल), कँबर, आणि शेवटी टो, कारण आधीचं काहीही हललं की टो हलतो. स्टेअरिंग मध्यावर बांधून टाय रॉड दोन्हीकडे सारखे फिरवायचे. हेडलाइटचा झोत पुन्हा बसवायचा. पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजायचं. आणि पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांचा छापील कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. एवढं करायची ज्याची तयारी नाही, त्यानं गाडीच्या उंचीला हात लावू नये. आणि परिवहन कार्यालयाची परवानगी नसेल तर कुणीच लावू नये.

आमची गाडी परत कंपनीच्या उंचीवर आली आहे. चार नव्या स्प्रिंगा, पुढचे दोन शॉकअप आणि त्यांच्या बैठका, लोअर आर्मचे बुश, दोन टायर, अलाइनमेंट. तुमच्या साडेतीन हजारांची भरपाई करायला तेवीस हजार चारशे रुपये लागले. पुतण्यानं ते आपल्या पगारातून भरले, मी एक रुपया दिला नाही, कारण त्यालाही हे कळायला हवं होतं.

आता तुमचे दोन शब्द परत घ्या. तुमच्या आईला मागच्या सीटवर बसवा, आतल्या कडेला तार दिसणारे टायर घाला, पाऊस लागलेला असू दे, आणि तवंदी घाट उतरा. चालवाल बिनधास्त? नाही चालवणार. मग दुसऱ्याच्या आईला त्या गाडीत बसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

ज्या आईबापांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगतो. आज संध्याकाळी गाडी बंद असताना स्टेअरिंग पूर्ण फिरवा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवा. हाताला करवतीसारखे दाते लागले किंवा नक्षी लागलीच नाही, तर उद्या गाडी बाहेर काढू नका. पोराला ओरडू नका, त्याला लिफ्टखाली उभं करून स्प्रिंगचं टोक दाखवा. आणि काम कुणाकडूनही करून घ्या, आकड्यांचा कागद मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुम्ही कापलेल्या त्या चार स्प्रिंगा मी भंगारात घातलेल्या नाहीत. माझ्या ओट्यावर ठेवल्या आहेत, ज्योतीनं काळी पडलेली टोकं वर करून. अनगोळातल्या ज्या पोराला गाडी खाली बसवायची हौस आली असेल त्यानं आधी येऊन त्या हातात घेऊन बघाव्यात. तुम्हीही या. व्हर्नियर मी देईन, मोजायला शिकवीनही. पण त्याआधी कटर खाली ठेवा.

आपला,
उद्यमबागेतला एक निवृत्त इन्स्पेक्टर,
अनगोळ